कागदाचा कान

आमच्या घरात कोरा कागद फार काळ चौकोनी राहत नाही. माझ्या हाताशी आला की मी त्याचा वरचा उजवा कोपरा कापते. नखाएवढाच, आणि तोही सरळ नाही, अर्धगोल. नातवंडांच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एकदा तर लेकाचा कसलासा सरकारी अर्ज माझ्या तावडीत सापडला. सून म्हणते, आपल्या घरात उंदरांना काम नाही, सासूबाई पुरतात. म्हणू दे बापडी. कोपरा कापायची सवय मला धोंडीराम रंगाऱ्यानं लावली, आणि तो अर्धगोल कापायची सवय एका उंदरानं लावली. दोघांचीही हकिकत सांगते.

मी धारूरची. माझं जन्मसाल फसली तेराशे सोळा. निजामाच्या मुलखात कागदोपत्री हेच साल चालायचं. ज्यांना इंग्रजी साल हवं त्यांनी त्यात पाचशे नव्वद मिळवावेत. आमच्या घरामागं रंगारगल्ली होती. गल्ली म्हणायची एवढंच, घरं तीन, आणि त्यांतलं रंगाचं काम उरलं होतं एकाच घरात. ते धोंडीरामाचं. मी त्याला धोंडीकाका म्हणायची.

धोंडीकाकाचे दोन हात दोन रंगांचे होते. डावा कोपरापर्यंत निळा, उजवा तांबडा. निळीचा रांजण तो बसायचा त्याच्या डावीकडं जमिनीत पुरलेला, आणि आलीच्या झाडाच्या मुळ्यांचा तांबडा रंग उकळायचा तो हंडा उजवीकडं. एका हातानं दुसऱ्या रंगाला शिवायचं नाही, हा त्याच्या बायकोचा, सुंदरबाईचा कायदा. त्यामुळं तो जेवायला बसला की नवख्या पाहुण्याचा घास हातातच राहायचा. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नव्हतं. सगळ्या काकांचे हात असेच असतात असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

गोड बोलणं त्याला जमत नसे. कोणी त्याच्याशी गोड बोललं तर त्याला संशय यायचा. बाजारात विलायती पुडीचा रंग आला, पाण्यात टाकला की झाला, तेव्हा त्याचं गिऱ्हाईक तुटलं. मग जर्मनीची लढाई लागली, पुड्या यायच्या थांबल्या, आणि लोक पुन्हा त्याच्या दारात उभे राहिले. दुसरा एखादा हरखला असता. हा म्हणाला, "मानसं माझ्याकडं न्हाई आली. पुडी मिळाली न्हाई म्हनून आली." आणि खाली मान घालून कापडावर लाकडी ठसे उमटवत बसला.

त्या लढाईच्या दिवसांत मी नऊ-दहा वर्षांची होते, आणि माझी रांगोळी चांगली होती. हे मी आता बेधडक सांगते, कारण आता मला दटावणारं कोणी उरलं नाही. तेव्हा असं बोलले असते तर आईनं, जानकीबाईनं, डोळे वटारले असते. पण गल्लीत कोणाकडं कार्य असलं की बोलावणं मलाच यायचं. आईची रांगोळी म्हणजे चार ठिपके आणि वर हळदकुंकू. ती स्वतःच म्हणायची, हात पोरीचा, माझं नुसतं अंगण.

त्या वर्षी मार्गशीर्षात अव्वल तालुकदार दौऱ्यावर यायचे ठरले. अव्वल तालुकदार म्हणजे आख्ख्या जिल्ह्याचा साहेब. भगवानराव पाटलांच्या डोक्यात आलं की चावडीच्या दारात रांगोळी घालायची, पण नुसती वेलबुट्टी नाही, अक्षरं. साहेबांच्या जबानीत, उर्दूत. "सायब आत येताना खाली बघंल, आन खाली त्येचंच अक्षर दिसंल," असं ते चार जणांना सांगत सुटले. शाळेच्या उर्दू मास्तरांनी दोन ताव कडेला कड लावून खळीनं चिकटवले, त्यावर मोठ्या वळणदार अक्षरांत 'खुशआमदीद', म्हणजे 'या, आपलं स्वागत', असं लिहून दिलं आणि ते काम माझ्याकडं आलं.

मला उर्दूचं अक्षर ओळखू येत नव्हतं. आमच्या गल्लीत कोणालाच येत नव्हतं. मला ती एक नक्षी वाटली, अशी सुंदर की मी दोन दिवस तिच्यावर वाकून बसले. खाली घोंगडी घालून गोधडीच्या सुईनं मी त्या अक्षरांच्या कडेकडेनं भोकं पाडली, जवळजवळ, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या अंतरानं. अशा टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. तो जमिनीवर ठेवायचा, रांगोळीची पुरचुंडी त्याच्यावरून हलकेच आपटत न्यायची, कागद उचलायचा, खाली ठिपक्यांची रेघ तयार.

आता माझी चूक सांगते. ती निष्काळजीपणानं झाली नाही, काळजीनं झाली. सुईनं टोचलं की कागदाच्या मागच्या बाजूला भोकांच्या कडा वर येतात, हाताला खरखर लागते. घरच्या अंगणात मी करून पाहिलं, तर ती खरखर खाली असल्यामुळं कागद उचलताना रांगोळी ओढली गेली, रेघेला पिसं फुटली. मी कागद उलटा केला. खरखर वर, गुळगुळीत बाजू खाली. रेघ अशी स्वच्छ आली की मी एकटीच हसले. कागद पातळ होता, शाई आरपार उतरली होती, दोन्हीकडून अक्षर सारखंच काळं दिसायचं. हा माझा शोध आहे, असं मानून मी तो कोणाला सांगितलाही नाही.

साहेब यायच्या दिवशी उजाडताच मी आणि आई चावडीसमोर होतो. धोंडीकाकानं मला चिमूटभर नीळ दिली होती, ती मिसळून मी अक्षरांच्या कडा निळ्या केल्या. भोवती वेल काढली, वेलीला पानं, पानांत कुंकवाचे ठिपके. ज्यांना वाचता येत होतं ते सगळे साहेबांना घ्यायला वेशीपर्यंत गेले होते. बाकीचे आम्ही लांब उभे राहून, कोणाचा पाय पडू नये म्हणून राखण करत होतो.

साहेब आले, घोड्यावरून उतरले, दारापाशी थांबले. खाली पाहिलं. मान एका बाजूला कलती केली. मागं त्यांचा पेशकार, कचेरीतला कारकून, होता, तो म्हणाला, "सरकार, ये तो आरसे में देख के पढ़ना पड़ेगा." मागची माणसं हसली. मग ती का हसली हे न कळलेली माणसंही हसली. साहेब हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण ते काही बोललेही नाहीत, रांगोळी टाळून बाजूनं आत गेले. पाटलांचा चेहरा तांबडालाल झाला होता. त्यांनी तराळाला हाक मारली आणि म्हणाले, "वत पानी त्येच्यावर."

दोन बादल्या लागल्या. निळं पाणी चावडीच्या पायरीवरून ओघळून माझ्या पायापर्यंत आलं. मास्तर मागाहून येऊन हळूच म्हणाले, "बेटा, तू कागज उल्टा रखी," आणि गडबडीनं आत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला 'आरसी' म्हणायला लागली. मी नदीवर गेले, आरसी आली. मी देवळात गेले, आरसी आली. पण खरं दुःख त्याचं नव्हतं. माझं काम कोणी पाहिलंच नव्हतं. उलटं आहे एवढंच पाहिलं, हसले आणि पाणी ओतलं. ती वेल कोणी पाहिली? त्या निळ्या कडा कोणी पाहिल्या? हे मी आज इतक्या वर्षांनीही विचारते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी रांगोळी सोडली. डबा उतरंडीच्या मागं ढकलला आणि खाका कणगीखाली लपवला. टाकून मात्र दिला नाही, का ते मला ठाऊक नाही. आई म्हणायची, "लई झकास झालती गं तुझी रांगोळी," आणि मी अजूनच चिडायची, कारण झकास झाली असती तर पाणी कशाला ओतलं असतं? वडील म्हणाले, "जाऊ दे, रांगोळीच ती. पुसायसाठीच आस्ती." हे तर मला आईच्या बोलण्याहून जास्त लागलं. पुसणं आणि बादली ओतणं यात फरक आहे, हे नऊ वर्षांच्या पोरीला कळतं, मोठ्यांना कसं कळत नाही? संक्रांत गेली, शिमगा गेला, आमचं अंगण नुसतं सारवलेलं. पाडवा जवळ आला तशी आई शेजारणीला म्हणताना मी ऐकलं, "पोरीचा हातच गेला बघा." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, भीती होती. ती ऐकून मलाही पहिल्यांदाच वाटलं की आपला हात खरोखर गेला असेल.

त्याच आठवड्यात आईनं मला जुनं लुगडं देऊन धोंडीकाकाकडं पाठवलं, पाडव्याला तांबडं करून आण म्हणाली. लुगडं हे निमित्त होतं का, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

काका ठसे उमटवत बसला होता. रंगाच्या गादीवर ठसा टेकवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीनं एक ठोका. मी लुगडं ठेवलं आणि वळले. तो मान वर न करता म्हणाला, "चावडीफुडं उलटंच उमटलंतं तुझं."

तीन महिन्यांत हे असं कोणी बोललं नव्हतं. पोरं चिडवत होती, मोठी माणसं लपवत होती. मी तिथंच रडायला लागले. त्यानं मला गप्प केलं नाही. ठोके चालू ठेवले. सुंदरबाई आतून आली, त्याच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं, तर तो म्हणाला, "रडू दे की. उलटं तर उलटंच व्हतं." ती मला पाणी देऊन आत गेली.

माझं रडणं ओसरल्यावर त्यानं ठसा खाली ठेवला आणि विचारलं, "कागदाची कंची बाजू वर ठिवलीतीस?"

"खरखरीत."

"कावून?"

कसं केलंस, का केलंस, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पिसं फुटली ते, कागद उलटा केला ते, रेघ स्वच्छ आली ते. तो ऐकताना हात धोतराला पुसत होता, पण ऐकत होता. शेवटी म्हणाला, "रांगोळी वडली जाती, ह्ये बराबर हाय. तू इचार केलतास. पर खरखर पलटवायची नसती पोरी, घासून काढायची आस्ती. इटंचा बारीक तुकडा घ्यायचा आन मागनं हळूहळू घासायचं."

मग उठून त्यानं भिंतीवरच्या खुंटीचा एक ठसा काढला. काळाभोर शिसवी ठसा, वीतभर. मी तो तिथं रोज पाहत आले होते, वापरताना कधीच नाही. भोवती अशी बारीक जाळी कोरलेली की पाहतच राहावं, आणि मधोमध उर्दूची अक्षरं.

"ह्यो मी कोरला. मिसरूड फुटायच्या वक्ताला. मोमिनाबादच्या एका हलवायाला दुकानाफुडं पडदा पायजे व्हता, वर त्येचं नाव. त्येनं कागदावर लिवून दिलं, मी जसंच्या तसं कोरलं." त्यानं ठशाच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "रंगाऱ्याच्या पोटी जन्मलो, आन जसंच्या तसं कोरलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कापडावर सुलटं उमटतं. हे रंगाऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. आख्ख्या पडद्यावर त्येचं नाव उलटं. बा माझ्याशी आठ दिस बोलला न्हाई. हलवाई मातर भला मानूस. पातळ कापड व्हतं, त्येनं आतली बाजू भायर करून बांधला, रस्त्यावरनं सुलटं दिसाया लागलं. आतून जिलबी तळताना त्यो एकटा उलटं बघायचा."

मला हसू आलं. तीन महिन्यांनी आलं. पण लगेच मी विचारलं, "मग हा इथं कशाला टांगलाय? रोज दिसावा म्हणून?"

"जाळी बघ," तो म्हणाला. "तशी जाळी मला परत कवा जमली न्हाई. चूक अक्षराची झाली. जाळीनं काय केलंय?"

मी ठसा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मला वाटतं, चावडीपुढच्या वेलीचं दुःख त्या वेळी पहिल्यांदा थोडं हललं. मी तशीच घरी पळाले, कणगीखालचा खाका काढला, धूळ झटकली आणि घेऊन आले.

विटेच्या तुकड्यानं त्यानं मला मागची बाजू घासायला लावली. स्वतः हात लावला नाही. घासून दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या, तेव्हा मीच म्हणाले, "आता तर वर-खाली काहीच कळणार नाही."

"म्हनून कान कापायचा." त्यानं मला त्याचे सगळे ठसे दाखवले. प्रत्येकाच्या डोक्याशी एक खाच होती, अंगठा बसेल अशी. डोळे मिटून ठसा उचलला तरी वर कोणतं ते अंगठ्याला कळायचं. "अक्षर जिथनं सुरू होतं त्यो कोपरा काप. त्यो कान आपल्या जागी आला की कागद सुलटा."

पण अक्षर कुठून सुरू होतं? हे ना त्याला ठाऊक ना मला. आम्ही दोघं त्या कागदावर वाकून बसलो. तो एकदा इकडून बघे, मी एकदा तिकडून. सुंदरबाई दारात येऊन म्हणाली, "आंधळ्या गाई राखाया दोन आंधळे," आणि पोट धरून हसली.

तेवढ्यात दर्ग्याचे मुजावर चाचा त्यांचा हिरवा साफा न्यायला आले. काकानं पांढरं कापड अंथरलं, मी खाका ठेवला, कोळशाची पूड पुरचुंडीत घेऊन आपटली, कागद उचलला. चाचांनी नाही म्हणून मान हलवली. मी कागद पलटून शेजारी पुन्हा उमटवलं. चाचा वाकले, आणि बोटानं उजवीकडून डावीकडं जात, एकेक अक्षर लावत मोठ्यानं म्हणाले, "खुश... आमदीद."

मी उभी राहिले होते ती खाली बसले. मी टोचलेलं, दोन दिवस बोटं दुखवून काढलेलं, ते कोणीतरी वाचलं होतं. त्याला आवाज होता. तो आवाज असा असतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

"बहोत साफ है," चाचा म्हणाले. "किसके वास्ते निकाली, बेटा?"

"कोणासाठीच न्हाई," मी म्हणाले. काकानं कात्री माझ्या हातात दिली आणि चाचांचं बोट जिथून निघालं होतं, त्या वरच्या उजव्या कोपऱ्याचा मी कान कापला.

पाडव्याच्या दिवशी आमच्या गुढीपुढं रांगोळी होती. उर्दू अक्षरं नव्हती, साधी वेल होती, चावडीपुढची तीच. काका सकाळी तांबडं लुगडं घेऊन आला, उभ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "दुसरं पान जाड झालं." आईला राग आला. मला आला नाही. दुसरं पान जाडच झालं होतं. पोरं पुढं वर्षभर मला आरसी म्हणत राहिली, आणि मी ओ देत राहिले.

बाराव्या वर्षी माझं लग्न झालं, माजलगावला. खाका घडी घालून नेला तर फाटेल म्हणून मी तो काकाला ठेवायला दिला. त्यानं तो त्या शिसवी ठशाच्या शेजारी, त्याच भिंतीला लावला. माझ्या मालकांना तहसिलीत कारकुनी होती, उर्दू रोजचंच. त्यांच्याकडून मी अलिफ-बे गिरवलं. सासरी हसले, बाईमाणसाला हे कशाला म्हणून. मी त्यांना कारण सांगितलं नाही.

लढाई संपली तशा पुड्या परत आल्या, आणि या वेळी गेल्या नाहीत. निळीचा रांजण कोरडा पडला. दर खेपेला माहेरी गेले की काकाचे हात थोडे फिके दिसायचे, मग एका खेपेला चक्क इतर माणसांसारखे दिसले. मला ते हात ओळखू येईनात. पुढं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. मी विशीत असताना आईचा निरोप आला, धोंडीरामला आता काही दिसत नाही, एकदा भेटून जा.

बैलगाडीतून उतरले, आईकडं गाठोडं टाकलं आणि मागच्या गल्लीत गेले. काका उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला होता. सुंदरबाई त्याच्या मागं उभी. उंबऱ्याबाहेर ताजं सारवण, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरं. मी वाचायला लागले आणि थांबले.

ती उलटी होती.

"आलीस व्हय?" त्यानं पावलं ओळखली. "थांब, पाय देऊ नगं. आदी बघ. सुलटं हाय का?"

सुंदरबाई त्याच्या मागून मला हातानं खुणा करत होती. हो म्हण, हो म्हण. तिनं मान हलवली, हात जोडले. सकाळपासून तो गुडघ्यावर रांगत हे करत होता, हे त्याच्या धोतरावरूनच कळत होतं. हो म्हणायला माझं काय जात होतं? त्याला तर दिसणार नव्हतं. एक शब्द, आणि म्हातारा खूश. पण याच माणसानं एकदा, सगळे गोड बोलत असताना, मान वर न करता मला खरं सांगितलं होतं. त्याला खोटं सांगायचं तर कोणी सांगावं? मी तर नाही.

"उलटं हाय, काका."

सुंदरबाईनं कपाळाला हात लावला. काका उजव्या हाताचा अंगठा चोळत बसला.

"कावून?" तो म्हणाला. "कान मी चाचपून बघितला. उजवीकडंच व्हता."

खाका भिंतीशी ठेवलेला होता. मी उचलला. वर्षानुवर्षं लटकून पिवळा पडलेला, मऊ झालेला. एका कोपऱ्यात मी कापलेला कान होता, सरळ कात्रीचा. आणि वरच्याच दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा कान, अर्धगोल, थोडा वेडावाकडा, कडेला बारीक दातांच्या खुणा.

"काका, ह्याला दोन कान झालेत. दुसरा उंदरानं कापलाय."

मी त्याचा अंगठा धरून आधी एका कोपऱ्यावरून फिरवला, मग दुसऱ्या. त्यानं पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग हसायला लागला. खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. इतका हसलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता. सुंदरबाईही हसायला लागली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

"आन फडकं," तो म्हणाला. "पूस. परत मांडू."

मी ओल्या फडक्यानं हळूच पुसलं, पाणी ओतलं नाही. कागद सुलटा ठेवला, पुरचुंडी त्याच्या हातात दिली आणि मनगट धरून फिरवलं. कागद त्यानंच उचलला. रेघ जुनी झाली होती, काही भोकं मोठी झाली होती, पण अक्षर सरळ होतं.

"पण काका," मी विचारलं, "येणार कोण हाय?"

"येनार कोन?" तो म्हणाला. "आलीस की."

त्यानं भिंत चाचपत पाठ टेकली आणि म्हणाला, "मुजावर गेला, आता मला कोन वाचून दावंल? तुला येतं म्हनं आता. वाच, मोठ्यानं."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून, उजवीकडून डावीकडं बोट नेत, गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. मग अक्षरांवर पाय पडू न देता, बाजूनं आत गेले.